आधी काथ्या, मग तेल

मी एक सायकल आहे. जुनी आहे, पण मोडकी नाही. हा फरक आरंभीच ध्यानात घ्या, म्हणजे पुढे मला तुमची दया सोसावी लागणार नाही. तुम्हांला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मी तसे म्हणेन, पण वयाने तुम्ही माझ्या घंटेपेक्षाही लहान आहात. तेव्हा नीट बसा आणि मधे बोलू नका.

माझा जन्म विलायतेतला. सुटे भाग लाकडी खोक्यात भरून मला मद्रासेच्या बंदरात उतरवले आणि तिथून रेल्वेने बेंगळुरूस आणले. कँटोन्मेंटमधल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. काळाभोर रंग, दांडीवर सोनेरी रेघ, चामड्याचे रुंद आसन आणि हँडलपासून चाकापर्यंत उतरलेल्या पोलादी सळयांचे ब्रेक. हल्लीच्या सायकलींच्या ब्रेकना तारा असतात. तारा सैल पडतात. माझ्या सळया कधी सैल पडल्या नाहीत.

मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून माझ्या अंगी आहे. मला उभे राहवत नाही. दुकानात स्टँडवर असतानाही माझे पुढचे चाक आपोआप रस्त्याकडे वळायचे. दुकानदार ते सरळ करी आणि मी पुन्हा वळवी.

कृष्णातने मला विकत घेतले, ते भारत स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षे झाल्यावर. तो कोल्हापूरकडचा. लेथवर काम करणारा, हाताने सफाईदार आणि तोंडाने मोजका. मल्लेश्वरमच्या खालच्या अंगाला, गंगव्वाच्या गोठ्याशेजारच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको अंबूबाई राहत. ही गंगव्वा त्यांची घरमालकीण. धारवाडकडची असल्यामुळे मराठीही बोलायची, आणि म्हशींशी मात्र शुद्ध कानडीत.

कृष्णात मला रोज पुसत असे. माझी चेन तो रॉकेलमध्ये धुई, दोन्ही चाकांच्या आसांत थेंब थेंब तेल सोडी आणि मग मागचे चाक फिरवून कान लावून ऐके. मित्रांनो, चाकाचा आवाज ऐकणारा मालक मिळणे हे भाग्य असते. मला ते सहा वर्षे लाभले.

मग एके दिवशी तो ज्या कारखान्यात काम करी तिथे त्याच्या गुडघ्यावर बिडाचा ओतीव ठोकळा पडला. हाड सांधले, पण गुडघा वाकेना. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला पायडल मारता येत नाही आणि लेथसमोर दिवसभर उभेही राहता येत नाही. कृष्णात घरी बसला. त्याने माझ्याकडे पाठ फिरवून खाट टाकली आणि मला हात लावायचे सोडून दिले. मी भिंतीशी उभी राहिले. माझ्या आसनावर कोंबडी बसू लागली. त्या महिन्यांविषयी मी अधिक काही सांगणार नाही.

त्या सुमारास शहराच्या उत्तरेला, जालहळ्ळीच्या वाटेवरच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहिला होता. तिथे रेडिओचे भाग बनत आणि त्यांत केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायला बायका घेत. अंबूबाईने नवऱ्याला न विचारता तिथे जाऊन हाताची परीक्षा दिली आणि तिला निवडले गेले. पण कायम होण्याआधी काही महिने उमेदवारी होती, आणि उमेदवारीत तीनदा उशीर झाला की नाव कापले जाई. काम टिकले नाही तर बेंगळुरू सोडून गावी दिरांच्या घरी परत जायचे, हे नवरा-बायकोत ठरून गेले होते. दिरांच्या घरी कृष्णातला आयते जेवण मिळाले असते आणि रोज त्या उपकाराची आठवणही करून दिली गेली असती. अंबूबाईला ते नको होते. तिला ते किती नको होते, हे तिच्या हँडल धरण्यावरून मला कळे.

कारखाना पायी जाण्याजोगा नव्हता आणि बसचा भरवसा नव्हता. एका सकाळी तिने कोंबडीला हाकलले आणि मला अंगणात ओढले.

कृष्णात खाटेवरून, भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "पुरुषाची सायकल हाय ती."

"तिला इचारलंय का तुमी?" अंबूबाई म्हणाली.

मला कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी सांगितले असते, की मला फक्त चालणारे माणूस हवे. त्या काळी शहरातल्या बायका माझ्या आडव्या दांडीपुढे हात टेकत, कारण त्यांचे पायघोळ पातळ दांडीवरून पलीकडे जात नसे. अंबूबाई नऊवारी नेसे आणि कासोटा घट्ट मारी. तिने टांग टाकली आणि ती आसनावर बसली, इतके ते सोपे होते. तोल सांभाळायला मात्र वेळ लागला. शाळेच्या मैदानात ती पडली, उठली, पुन्हा पडली. पाहणारी माणसे हसली. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तो गुण मला आवडला.

अशी ती कामावर जाऊ लागली. यशवंतपूरकडचा रस्ता सरळ होता, पण त्यावर रेल्वेचे फाटक होते आणि मालगाड्यांचे डबे तिथे पुढे-मागे करीत बसत. फाटक पडले की दोन्ही बाजूंना सायकलींचे रान माजे. सगळे जण घंटा वाजवीत, जणू काही घंटेने इंजिन हलणार होते. तिथे थांबणे मला असह्य होई आणि तिला माझ्याहून असह्य. त्या फाटकापायी तिला पहिल्याच महिन्यात दोनदा उशीर झाला. आता तिसरा उशीर चालणार नव्हता.

कारखान्याच्या दरवाजावर नरसिंह नावाचा पहारेकरी होता. तो बेंगळुरूतल्याच जुन्या मराठी घरातला, निम्मे मराठी आणि निम्मे कानडी बोलणारा. दुसऱ्या उशिराच्या दिवशी दरवाजा अर्धा लावून तो म्हणाला होता, "अक्का, फाटक तुमचं सोयरं आहे काय? रोज भेटून येताय. पुढच्या खेपेला मी काही करू शकत नाही."

त्या दरवाजाचा आणखी एक नियम होता. रस्ता दरवाजाकडे उतरता असल्याने सायकली दणादणा आत घुसत, म्हणून जमिनीवर पांढरा पट्टा ओढला होता. पट्ट्याच्या अलीकडे उतरायचे आणि सायकल हाताने आत न्यायची. जो बसल्या बसल्या पट्टा ओलांडेल त्याला त्या दिवसापुरते परत पाठवीत, आणि तो खाडा उशिरातच धरला जाई.

नवी वाट गंगव्वाने सांगितली. ती म्हशी चारायला सँकी तलावाकडे नेत असे. ती म्हणाली, तलावाकडे उतर, बांधावरून पलीकडे जा, मग टाटा इन्स्टिट्यूटच्या झाडांखालून मत्तीकेरेच्या शेतांत निघ. "स्वल्प लांब पडतं, पण रुळ नाहीत, फाटक नाही. आणि उताराला पायडल मारायला नको, सायकल आपली आपण धावते."

अंबूबाईने ठरवले, नवरात्र संपले की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही वाट धरायची.

आता जे झाले ते नीट ऐका, कारण माझे सांगणे या एका गोष्टीसाठी आहे.

बेंगळुरूत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची आणि वाहनांची पूजा होते. बस, टांगा, शिवणयंत्र, तराजू, काही सुटत नाही. लोक गंध-फुले वाहतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि रस्त्यात कोहळा फोडतात. अंबूबाईनेही माझी पूजा काढली. मात्र ती कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेली होती. तिच्या माहेरी त्या दिवशी विळे, कोयते, नांगराचे फाळ बाहेर काढीत आणि त्यांना तेल चोपडून वर हळद-कुंकू वाहत. लोखंडावर माया करायची ती तेलाने, एवढे तिला ठाऊक होते. तिने मला न्हाऊमाखू घातल्यासारखे तेल लावले. दांडीला लावले, सळयांना लावले आणि शेवटी दोन्ही चाकांच्या लोखंडी धावांना, ज्यांना तुम्ही रिम म्हणता, त्यांना आतून-बाहेरून चकचकीत होईपर्यंत चोळले. त्यावर हळद-कुंकवाची बोटे ओढली. खाटेवर कृष्णात भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली असती तर एका शब्दात तिला थांबवले असते. त्याने मान वळवली नाही.

मी झेंडूच्या माळेखाली दोन दिवस उभी होते. इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते आणि इतकी निरुपयोगीही कधी नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नव्या वाटेला लागलो. नवा रस्ता म्हणजे काय असतो ते तुम्हांला कसे सांगू? जुन्या रस्त्याचे खड्डे चाकाला पाठ असतात. नव्यावर प्रत्येक वळण डोळे उघडून घ्यावे लागते. घरे विरळ होत गेली. गुलमोहरांच्या फांद्यांमधून तलावाचे पाणी चमकू लागले. हवेत ओल्या गवताचा वास होता आणि माझे अंग धावण्यासाठी नुसते शिवशिवत होते. मग उतार लागला. मला अडवणारे काही उरले नाही आणि मला फार आनंद झाला.

अंबूबाईने ब्रेक दाबला.

माझी रबरे धावेवर टेकली आणि लोण्यावरून सुरी जावी तशी सरकली. तिने दोन्ही मुठी आवळल्या. काहीही झाले नाही. उताराच्या तळाशी टांग्यांचा तळ होता. टांगेवाल्यांनी फोडलेल्या कोहळ्यांचा आणि नारळांचा खच तिथे दोन दिवस तसाच पडून होता. उजवीकडे तलावाचे पाणी. समोरून गंगव्वा म्हशी घेऊन रस्ता ओलांडीत होती.

"गंगव्वा, म्हशी!" अंबूबाई ओरडली.

अशा वेळी माणसे डोळे मिटतात. तिने मिटले नाहीत. दोन्ही पाय खाली सोडून तिने चपला जमिनीवर घासल्या. एका चपलेचा अंगठा तुटून ती पाण्यात गेली. तिने मला म्हशींपासून वळवून कडेच्या चिखलाकडे नेले, तोच माझे पुढचे चाक कोहळ्याच्या गरावर आले आणि आम्ही दोघी आडव्या झालो.

गंगव्वाने आधी म्हशी मोजल्या. मग ती आमच्यापाशी आली. अंबूबाई उठून बसली होती. केसांत कोहळ्याच्या बिया होत्या आणि कोपर खरचटले होते. गंगव्वाने माझ्या धावेवरून बोट फिरवले, ते लाल-पिवळे बोट नाकाशी नेले आणि म्हणाली, "ब्रेकला तेल-कुंकू लावलंस, अक्का? मग तो हात जोडूनच बसणार की."

त्याच क्षणी माळावरून कारखान्याचा पहिला भोंगा ऐकू आला. दुसरा भोंगा झाला की नरसिंह दरवाजा लावतो.

माझे हँडल वाकडे झाले होते. अंबूबाईने माझे पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरले आणि हँडल पिळून सरळ केले. निसटलेली चेन तिने बोटांनी चढवली. गंगव्वा म्हणाली, आता पुढे उतार नाही, अशीच पळ. मलाही तेच हवे होते, मित्रांनो. चेन चढवताना उचललेले माझे मागचे चाक अजून हवेत फिरत होते. अर्धी वाट राहिली होती, वेळ पाण्यासारखा चालला होता आणि मला तिचे ते थांबणे समजेना.

पण ती उभी राहून विचार करीत होती. मधला रस्ता सपाट असेल. दरवाजापाशी मात्र उतार होता आणि उताराच्या टोकाला पांढरा पट्टा. तेलकट समई कशाने घासतात हे बाईमाणसाला सांगावे लागत नाही. तिने फुटक्या नारळांतली एक शेंडी ओरबाडून घेतली, बांधावरची कोरडी माती चिमटीने टाकली आणि माझी धाव घासायला बसली.

"अगं, भोंगा झाला," गंगव्वा म्हणाली.

"व्हऊ दे. पोचायचं मला येतंय. थांबायचं येत न्हाई."

तिने पुढची धाव घासली, मग मागची. काथ्या तेलाने काळा झाला की दुसरा घेतला. माझी झळाळी उतरली, कुंकू गेले, सोन्यासारखी चकाकणारी धाव मळकट, खरखरीत झाली. ब्रेकची रबरेही तिने खरवडली. शेवटी चाक फिरवून तिने ब्रेक दाबला. चाक कुरकुरत थांबले. तो आवाज कर्कश होता. त्याहून गोड आवाज मी पुढे क्वचितच ऐकला.

मग मात्र आम्ही सुटलो. बांध गेला, झाडांची सावली गेली, मत्तीकेरेच्या नाचणीच्या शेतांतून बैलगाड्यांना मागे टाकीत आम्ही धावलो. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, पदर कमरेला खोचलेला. माळ लागला. दुसरा भोंगा सुरू झाला तेव्हा दरवाजा दिसत होता. नरसिंहाने साखळी हातात घेतली होती. उतारावरून मी वाऱ्यासारखी उतरत होते आणि पांढरा पट्टा माझ्याकडे धावत येत होता. अंबूबाईने ब्रेक लवकर दाबला नाही. लवकर दाबला असता तर भोंगा संपला असता. अगदी शेवटी दोन्ही मुठी आवळल्या. माझी रबरे धावेला चिकटली, मागचे चाक फरफटले, धूळ उडाली आणि मी उभी राहिले.

नरसिंह वाकला. त्याने माझे पुढचे चाक पाहिले. ते पट्ट्याला टेकले होते, पट्ट्यावर नव्हते. मग त्याने तिचा उघडा पाय पाहिला, केसांतल्या बिया पाहिल्या. भोंगा थांबत होता.

"पूजा जोरात झाली म्हणायची, अक्का," तो म्हणाला. "सरी, ठीक आहे, उतरा. आत घ्या."

आम्ही आत गेलो आणि आमच्यामागे साखळी लागली.

संध्याकाळी घरी आल्यावर अंबूबाईने मला भिंतीशी लावले आणि ती चुलीकडे गेली. गंगव्वाने मात्र सगळी हकिकत अंगणभर सांगितली, त्यात म्हशींचे धैर्य अधिक होते. कृष्णात ऐकत होता. सगळे पांगल्यावर त्याने खाट फिरवली, काठीच्या आधाराने तो उठला आणि वाकत नसलेला पाय लांब पसरून माझ्यापाशी जमिनीवर बसला. कित्येक महिन्यांनी त्याचा हात मला लागला. त्याने धाव रॉकेलच्या फडक्याने पुसली, नवी रबरे बसवली आणि मग चाक फिरवून कान लावला.

"आसात घालायचं तेल," तो बायकोला म्हणाला, "चेनीत घालायचं. जिथं फिरतंय तिथं घालायचं. जिथं धरायचं असतंय तिथं न्हाई."

"हे त्याच दिवशी सांगायचं हुतं," अंबूबाई म्हणाली.

कृष्णातने फिरते चाक हाताने थांबवले. मग म्हणाला, "उद्यापासनं सांजंला मी बघीन हिच्याकडं." आणि ते त्याने पाळले. पुढे गल्लीतल्या सायकलीही त्याच्या दारी येऊ लागल्या, कारण कामाला हात होते आणि बसून करायचे काम गुडघा मागत नाही. त्या घराला परत गावी जावे लागले नाही. उमेदवारी संपली, अंबूबाई कायम झाली. मी तिला त्या वाटेने वर्षानुवर्षे नेले. तलावाच्या उतारावर ती दर वेळी एकदा ब्रेक दाबून पाही, रस्ता मोकळा असला तरी.

मग काळ बदलला. कारखान्याने आपल्या बसगाड्या सुरू केल्या. बस गल्लीच्या तोंडाशी येऊ लागली. अंबूबाईच्या केसांत पांढरे दिसू लागले आणि कृष्णातनेच तिला म्हटले, आता बसने जात जा. त्यात राग मानण्यासारखे काही नव्हते. मी पुन्हा भिंतीशी आले. माझ्या हँडलवर पिशव्या टांगतात, कॅरियरवर धुणे वाळते. चाकांत हवा असते तेव्हा माझे पुढचे चाक अजून रस्त्याकडे वळते. कोणीतरी ते सरळ करते. मी पुन्हा वळवते.

तुम्ही माझी काय काळजी घ्यावी, ते आता सांगते. ही विनंती नाही, तशी माझी सवय नाही. वस्तूवर माया करायची तर आधी तिचे काम समजून घ्या. नुसती चकचकीत करून ठेवाल तर ती शोभेची होईल आणि पहिल्याच उताराला तुम्हांला दगा देईल. फिरणाऱ्या जागी तेल द्या, धरणाऱ्या जागा खरखरीत राहू द्या. माणसांनाही हे लागू आहे, पण ते तुम्ही मोठे झाल्यावर पाहा.

दर खंडेनवमीला अंबूबाई अजून माझ्यापाशी येते. एका हातात तेलाची वाटी असते, दुसऱ्यात नारळाची शेंडी. आधी ती काथ्याने माझी धाव घासते. मग आसांत तेल सोडते. मग माळ घालते. शेवटी मागचे चाक उचलून जोराने फिरवते आणि घटकाभर त्याला फिरू देते. त्या फिरण्यात मला तलाव दिसतो, नाचणीची शेते दिसतात, उतारावरचा वारा लागतो. मग ती ब्रेक दाबते. चाक कुरकुरते आणि थांबते.

"लागतोय अजून," ती खाटेकडे पाहून म्हणते. खाटेचे तोंड आता अंगणाकडे असते.

मी जन्माची उतावळी. उभे राहणे मला कधी जमले नाही. पण तिच्या मुठीत ते एक थांबणे मला दर वर्षी हवेसे वाटते.